निर्दोष मसुदा

३ फेब्रुवारी

वही आणली ती बिझनेस लॉच्या नोट्ससाठी. पुढून नोट्स चालू आहेत. ही मागची बाजू माझी. सरांना दाखवायचं ते पुढून, कुणालाच दाखवायचं नाही ते मागून.

बेचाळिसाव्या वर्षी मी विद्यापीठाची परीक्षा देणार आहे. एकवीस वर्षांपूर्वी एकच विषय राहिला होता. पेपरच्या आठवड्यात बाबांचा उजवा हात लुळा पडला आणि कारखान्यात त्यांच्या स्टुलावर मी जाऊन बसले, ती अजून उठलेली नाही. दादा तेव्हा 'बाहेरची बाजू' बघायचा. अजून तीच बघतो. बाहेरची बाजू म्हणजे इस्त्रीचा शर्ट घालून गिऱ्हाइकांकडे चहा पिणे. आतली बाजू म्हणजे मी आणि आमचा जुना कारागीर. त्याला सगळे तोळामासा म्हणतात, कारण 'कसे आहात' या प्रश्नाला त्याने आजवर एकदाही 'बरा आहे' असं उत्तर दिलेलं नाही. आम्ही वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानांतले, गोदामांतले, औषधवाल्यांचे. दुरुस्तीचा सरकारी परवाना माझ्या नावावर आहे. कारखान्यातली तेवढीच एक गोष्ट माझ्या नावावर आहे.

आज दादाला पुन्हा विचारलं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. कारखाना निम्मा त्याचा, निम्मा माझा, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. मग भागीदार म्हणून माझं नाव कागदावर कधी येणार? सहीचा अधिकार कधी मिळणार?

"अगं, तुला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही," दादा म्हणाला. "उद्या कुणी काहीही पुढे सरकवलं तर सही करून मोकळी होशील. आधी पदवी पूर्ण कर. पास झालीस की त्याच दिवशी भागीदारीचं करारपत्र करू. शब्द देतो."

राग आला. पण त्याचं म्हणणं खोटं नाही. फॉर्म भरला.

९ फेब्रुवारी

शिकवणी औषधाच्या दुकानावरच्या खोलीत आहे. निवृत्त प्राध्यापक, मुलं त्यांना परंतुसर म्हणतात. कोणताही नियम सांगून झाला की ते बोट वर करतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "परंतु." मग पुढचा अर्धा तास त्या परंतुचा.

वर्गात आम्ही दहा जण. उरलेल्या नवांपैकी कुणाही दोघांच्या वयाची बेरीज केली की माझं वय होतं. सगळे मला काकू म्हणतात आणि माझ्याच नोट्सचे फोटो काढतात. बाकांना तेल नाही, हलले की किरकिरतात. माझा मीच घरून पाना आणून आवळला. सर म्हणाले, "बाई, तुम्ही पास व्हाल." बाक आवळल्यावरून हे कसं कळलं कोण जाणे.

आज प्रस्ताव आणि स्वीकार. 'अ'ने 'ब'ला घोडा विकायचं कबूल केलं. पुस्तकातल्या सगळ्या माणसांना अ, ब आणि क अशीच नावं आहेत. अ नेहमी काहीतरी विकतो. ब नेहमी फसतो. क कुठूनतरी मध्येच येतो आणि त्याचंच भलं होतं.

१४ फेब्रुवारी

तास संपल्यावर सरांना विचारलं, एखाद्या भावाने बहिणीला तोंडी शब्द दिला, की तू अमुक केलंस तर मी तमुक करीन, आणि बहिणीने ते केलं, तर तो करार होतो का?

"होतो की. तोंडी करारही करारच." बोट वर. "परंतु सिद्ध कोण करणार?"

म्हटलं, भाऊ काही नाही म्हणायचा नाही.

"मग कायद्याची गरजच काय," सर म्हणाले आणि फळा पुसायला लागले. मला उगीचच अपमान झाल्यासारखं वाटलं. यांना भावंडं नसावीत.

२० फेब्रुवारी

आजचा धडा: बेकायदेशीर उद्देशाने केलेला करार. अशा कराराला कायदा हात लावत नाही, दोघेही चोर, आपसांत बघून घ्या.

धडा ऐकताना कान गरम झाले. सहा वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याची वजनं आली होती. लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असतं. त्यात शिसं भरून वजन नेमकं करतात आणि त्या शिशावर निरीक्षकाची मोहोर उठवतात. मोहोर फुटली की वजन बाद. दादा म्हणाला, "जुना माणूस आहे, एवढं एकदाच कर." भंगार विकत घेणाऱ्याला जड वजन फायद्याचं. मी शिशाची चकती मोहोरेसकट अलगद उचलली, खाली शंभर ग्रॅम जास्तीचं शिसं घातलं आणि चकती परत बसवली. निरीक्षकालाही कळलं नाही. असं काम करणारा हात या गावात दुसरा नाही. बाबा तेव्हा अंथरुणावर होते. त्यांना सांगितलं नाही, पण त्या दिवसानंतर त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले नाही हेही खरं.

हे कुणालाही ठाऊक नाही. वहीला सांगते. वही काही बोलत नाही.

२६ फेब्रुवारी

नवल घडलं. दादाने स्वतःहून रजा दिली. "दोन्ही डगरींवर पाय ठेवू नकोस. परीक्षेपर्यंत येऊच नको कारखान्यात. तोळामासा आहे, मी आहे." दादा आहे! दादाला दांडी कुठली नि काटा कुठला हे सांगता आलं तर मी परीक्षा सोडीन.

पण बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, जिन्यात येऊन डोळे पुसले. एकवीस वर्षांत त्याने प्रथमच माझ्यासाठी काहीतरी सोसायचं ठरवलं. किल्ल्या त्याच्याकडे दिल्या. तोळामासा तेवढा कुरकुरत होता. "ताई, तुम्ही जाऊ नका. माझी छाती भरून येते." त्याची छाती दर मंगळवारी भरून येते.

वहिनी रोज डबा पाठवणार आहे म्हणे. ती काही पुण्य लागावं म्हणून पाठवत नसणार. लग्न होऊन आली तेव्हापासून मला कारखान्यातलं एक अवजड सामान समजते, हलवता येत नाही म्हणून ठेवलेलं.

५ मार्च

दादा संध्याकाळी माझ्या खोलीवर आला. येतो कधी? पुस्तकं चाळली, खुर्ची चांगली नाही म्हणाला, मग खिशातून कागद काढला.

"तुझ्यासाठी सरावाचा प्रश्न आणलाय. माझ्या एका गिऱ्हाइकाचं खरं प्रकरण आहे. नावं नको, अ आणि ब समज. दोघे भाऊ. धंदा दोघांचा. धाकट्याला, म्हणजे ब ला, आपला वाटा थोरल्याला देऊन टाकायचा आहे. काही न घेता. उद्या मन फिरलं, कुणी कान भरले, तरी त्याला कागद मोडता येऊ नये. कसा लिहायचा?"

मी म्हटलं, वकील नाही का त्यांच्याकडे?

"वकील आहे. पण मला बघायचंय, माझी बहीण किती पाण्यात आहे."

माझी बहीण. असं तो कधी म्हणत नाही. 'कारखाना बघते ती' म्हणतो.

६ मार्च

सकाळपासून त्याच प्रश्नावर बसले. पुढच्या बाजूला 'सराव: दादाच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न' असा मथळा घालून कच्चं लिहिलं, मग फुलस्केपवर पक्कं केलं. कितीतरी दिवसांनी काटा जुळवताना होतो तसा आनंद झाला.

आधी भोकं शोधली, मग एकेक बुजवलं. काही न घेता दिलेलं वचन कायद्यात टिकत नाही. अपवाद एक: जवळचं नातं, नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळा, लेखी, आणि नोंदणी केलेलं. म्हणून पहिलंच वाक्य: 'थोरल्या भावावरील नैसर्गिक प्रेम व जिव्हाळा यांपोटी.' उद्या ब म्हणेल, मला कळलं नव्हतं. म्हणून: 'सदर मजकूर मी स्वतः वाचला असून तो मला पूर्णपणे समजला आहे.' ब म्हणेल, दडपण होतं. म्हणून: 'कोणाच्याही दबावाशिवाय, सल्ला घेण्याची पुरेशी संधी मिळाल्यानंतर.' प्रत्येक पानावर ब ची सही, नाहीतर मधलं पान बदललं म्हणेल. साक्षीदार दोन, त्यांपैकी एक ब च्या विश्वासातला, म्हणजे ब ला नंतर त्या साक्षीदारालाही फितूर म्हणता येणार नाही.

हा ब मात्र ठार वेडा असला पाहिजे. वर्षानुवर्षं राबलेला वाटा असा कुणी देतं? पण ते विचारलं नव्हतं.

दादाने उभ्या उभ्या वाचलं, दोनदा. "यात कुठूनही निघता येणार नाही?" मी म्हटलं, मुंगीलासुद्धा नाही. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. दहावीच्या निकालाला ठेवला होता, त्यानंतर आजच. कागद घडी न घालता फाइलीत ठेवून घेऊन गेला.

१२ मार्च

तोळामाशाचा फोन. "ताई, दोघं जण आले होते. भिंती मोजून गेले. माझ्या छातीत—"

भिंती मोजल्या म्हणजे रंग काढत असतील. पास झाल्यावर करारपत्र करायचं, तर दादाला चार माणसांसमोर जागा बरी दिसायला हवी असेल. त्याला म्हटलं, औषध घ्या आणि मला अभ्यास करू द्या.

विमा आणि हमी हे धडे राहिलेत.

१८ मार्च

उद्या दादाबरोबर नोंदणी कचेरीत जायचं आहे. कारखान्याच्या परवान्याचं नूतनीकरण, माझी सही लागते, एका तासाचं काम.

आज डबा घेऊन वहिनी स्वतः आली. बसली नाही. दाराशीच उभी राहून म्हणाली, "उद्या जाताना चष्मा घेऊन जा हो."

म्हटलं, सही करायला चष्मा कशाला?

"तरी घेऊन जा. चाळिशी लागली की अक्षरं फसवतात."

स्वतः माझ्याहून वर्षाने मोठी आहे आणि मला चाळिशी शिकवते. डब्याचं झाकणही लावत नाही, आमटी सांडलेली. उद्या मुद्दामच चष्मा नेणार नाही.

१९ मार्च

एक तास म्हणता म्हणता अर्धा दिवस गेला. कचेरीत लाकडी बाक, खिडकीवर जाळी आणि आतला कारकून डोकं वर न करता 'पुढचे' म्हणणारा. तोळामासा धुतलेला शर्ट घालून आधीच येऊन बसला होता. "याला कशाला आणलंत?" "कामगाराची सही लागते हल्ली," दादा म्हणाला. तोळामाशाने सही केली आणि खोकला. मी प्रत्येक पानावर केली. सहा पानं. जिथे दादा बोट ठेवील तिथे. कारकुनाने विचारलं, "वाचलंय ना?" मी हो म्हटलं. डोक्यात 'प्रतिनिधीचे अधिकार' हा धडा घोळत होता, आणि चष्मा तर घरीच होता. अंगठा उठवला, फोटो काढला.

परवान्याला फोटो कधीपासून लागायला लागला? सरकारचं काही सांगता येत नाही.

नंतर दादाने समोरच्या उपाहारगृहात चहा पाजला. बाबांच्या गोष्टी निघाल्या. बाबा रिकाम्या काट्यावर आधी फुंकर मारायचे, मग काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचे आणि म्हणायचे, "आधी रिकामा बघ, मग भरलेला." दादा हसला. त्याचे डोळे भरले होते. मीच त्याच्या पाठीवर थाप मारली.

२० मार्च

पुढच्या बाजूला आज लिहिलेला नियम इथेही लिहून ठेवते, हमखास विचारतात: दस्तऐवजावर सही करणाऱ्याला तो बंधनकारक असतो. 'मी वाचला नव्हता' हा बचाव नव्हे.

सर पुढे परंतु म्हणाले, पण तेवढ्यात खाली औषधवाल्याने शटर ओढलं आणि पोरं उठली. तो परंतु राहिला.

२ एप्रिल

काहीही लक्षात राहत नाही. काल एकवीस वर्षांच्या पोरीने मला विचारलं, "काकू, तुम्हाला नोकरीसाठी हवंय का हे?" म्हटलं, नाही, नावासाठी. तिला कळलं नाही. मलाही आज नीट कळत नाही. सगळं आयुष्य दुसऱ्यांचे काटे शून्यावर आणण्यात गेलं आणि स्वतःच्याच अर्ध्या वाट्यासाठी परीक्षा द्यायची, याची मला आज लाज वाटली. मग दादाचा हात डोक्यावर होता ते आठवलं आणि पुन्हा बसले.

९ एप्रिल

पेपर झाला! सोपा होता.

चौथा प्रश्न: 'अ'ने सांगितल्यावरून 'ब'ने एका दस्तऐवजावर न वाचता सही केली. आता ब ला त्यातून मुक्त व्हायचे आहे. सल्ला द्या.

मी ब ची पार हजेरी घेतली. लिहिलं, सज्ञान माणसाने डोळे उघडे ठेवून सही करावी, निष्काळजी माणसाला कायदा आधार देत नाही, ब बांधला गेला आहे. दीड पान भरलं.

उद्या सकाळी कारखान्यात जाते. न कळवता. दीड महिना हातात पाना नाही, बोटं वळवळताहेत.

१० एप्रिल

माझी किल्ली लागेना. कुलूपच नवं होतं.

आतून तोळामाशाने उघडलं. बाबांचं स्टूल दाराशी उलटं पडलं होतं. मोठा काटा सुटा करून गोणपाटात बांधलेला. भिंतीवरची वजनांची फळी काढलेली, तिच्या जागी फिकट चौकोन. एक परका माणूस टेप धरून उभा होता. तो मला म्हणाला, "बाई, इकडे काम चालू आहे. आत येऊ नका."

मला.

दादा मागच्या खोलीतून आला. मला वाटलं होतं चमकेल, तर तो नुसता थकल्यासारखा दिसला.

"इलेक्ट्रॉनिक काट्यांची कंपनी आहे. त्यांना जागा हवी होती, मालक एकच हवा होता. तू विकायला तयार झाली असतीस का कधी?"

"नसते झाले."

"मग? म्हणून तर."

म्हटलं, माझा वाटा आहे. तो म्हणाला, होता. फाइल उघडली, नोंदणी केलेला कागद दाखवला. मी म्हटलं, मी हे वाचलेलं नाही, परवान्याचं म्हणून मला नेलं होतंस. तेव्हा त्याने दुसरा कागद काढला. माझं फुलस्केप. माझं अक्षर.

"न वाचता? अगं, लिहिलंय कुणी? कुणालाही दाखव. तूच मसुदा केलास, दोन आठवडे विचार केलास आणि मग येऊन सही केलीस. कोण म्हणेल तुला कळत नव्हतं?"

"आणि तुझा शब्द?"

"आता धंदाच राहिला नाही तर भागीदारी कशात करू? तुला सांभाळीन ना मी. पास झालीस तर त्या कंपनीत बघतो कुठेतरी."

ठरलेली गोष्ट करणंच अशक्य झालं की करार संपतो. धडा अकरावा. दादाने पुस्तक न वाचता सांगितला.

११ एप्रिल

काही नाही.

१३ एप्रिल

चष्मा लावून नक्कल वाचली. नोंदणी कचेरीतून मिळते, कुणालाही.

माझाच मसुदा आहे. स्वल्पविरामासकट. 'थोरल्या भावावरील नैसर्गिक प्रेम व जिव्हाळा यांपोटी.' फक्त धाकटा भाऊ होता तिथे धाकटी बहीण झाली आहे. सकाळपासून भोक शोधते आहे. एकही ठेवलेलं नाही मी.

मग ते सगळे दिवस मागे जाऊन पुन्हा मोजले. किल्ल्या. भिंती. धुतलेला शर्ट. आणि वहिनी दाराशी उभी. चाळिशी लागली की अक्षरं फसवतात. आमटी सांडली होती ती तिचं डब्याकडे लक्षच नव्हतं म्हणून. मी तिच्यावर रुसून चष्मा टेबलावर ठेवून गेले.

दादाचा राग यायला हवा तेवढा येत नाही, हे सगळ्यात वाईट. त्या उपाहारगृहातले त्याचे डोळे खोटे नव्हते. भरल्या डोळ्यांनी त्याने मला कापलं.

१६ एप्रिल

परंतुसरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी नक्कल वाचली आणि आधी म्हणाले, "मसुदा उत्तम आहे," मग ओशाळले.

"चौथ्या प्रश्नाला काय लिहिलंत?"

सांगितलं.

"अर्धंच लिहिलंत. त्या दिवशी शटर पडलं ना. सही करणारा बांधला जातो. परंतु कागद कशाचा आहे हेच खोटं सांगून सही घेतली असेल, तर ती संमतीच नव्हे. ब ला करार मोडता येतो. परंतु फसवलं हे ब ने सिद्ध करायचं. आणि इथे ब च्याच हातचा मसुदा अ कडे आहे." ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "तुमचा तो कारागीर?"

तोळामासा सांगायला तयार आहे, त्यालाही परवान्याचंच सांगितलं होतं. पण तो रोज 'मी आज जातो' म्हणणारा माणूस, त्याच्या बोलण्यावर कोण विसंबणार?

"तेव्हाचं लिहिलेलं काही? पत्र, चिठ्ठी? त्या त्या दिवशी लिहिलेलं?"

नाही म्हटलं. पिशवीत वही होती.

१७ एप्रिल

सरांना वहीतलं ५ मार्च, ६ मार्च आणि १९ मार्च एवढंच दाखवलं, बाकीची पानं हाताने दाबून धरली. पुढच्या बाजूचा कच्चा मसुदाही दाखवला, मथळ्यासकट.

सर उठून उभे राहिले. "बाई, हे आहे! त्या दिवशीचं, त्या शाईतलं. 'गिऱ्हाइकाचा प्रश्न' असं तुम्ही तेव्हाच लिहिलंय." बोट वर गेलं. मी डोळे मिटून घेतले. "परंतु वही सबंध द्यावी लागेल. निवडक पानं कुणी मानत नाही. मधलं पान नसलं तर ते म्हणतील, तिथे काय होतं? आणि सगळी वहीच बाद होईल."

त्यांचा एक जुना विद्यार्थी वकील आहे. दावा लावायला तयार आहे. परीक्षेच्या निकालापर्यंत सांगते, असं मी म्हणाले.

२० फेब्रुवारी. सबंध वही दिली तर ते पान दादाचा वकील भर कोर्टात वाचणार. मोहोर न फोडता वजन जड केलं, स्वतःच्या अक्षरात कबूल. परवाना त्याच आठवड्यात रद्द. वाटा मिळो न मिळो, त्याला दोन-चार वर्षं लागतील. परवाना आहे तर निदान कुठेही दोन हातांची जागा शोधून मी काटे दुरुस्त करू शकते. तो गेला तर मला दुसरं काहीच येत नाही. आता बिझनेस लॉ येतो, अर्धा.

२९ एप्रिल

वहिनी आली. डबा नव्हता. बसली या वेळी.

मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, सरळ सांगायचं होतंत. ती म्हणाली, "मला त्याच घरात परत जायचं होतं, ताई."

मग म्हणाली, "कोर्टात मी काही बोलणार नाही. आत्ताच सांगते, नंतर वाट बघू नका." जाताना माझा टेबलावरचा चष्मा तिने पदराने पुसला आणि पुस्तकावर ठेवला. वीस वर्षं मी या बाईला ओळखत नव्हते. आता ओळख झाली तर उपयोग नाही.

३० मे

निकाल लागला. पास. बिझनेस लॉमध्ये एकाहत्तर. चौथ्या प्रश्नाचे निम्मे गेले असणार.

दादाचा फोन आला, अभिनंदन करायला! "बघ, मी म्हणत होतो ना, तुझ्यात आहे." त्याला खरंच आनंद झाला होता, आवाजात कळतं. मी म्हटलं, पास झाले त्याच दिवशी करारपत्र करायचं होतं. तो म्हणाला, "तू अजून तिथेच आहेस का?"

दुपारी वही घेऊन बसले. बारीक पात्याची सुरी माझ्याकडे आहे, शिशाची चकती उचलायची. २० फेब्रुवारीचं पान शिवणीतून असं काढता येईल की कुणाच्या बापाला कळणार नाही. जोडीचं पान चिकटवायचं, पानांना क्रमांक नाहीतच. असं काम करणारा हात या गावात दुसरा नाही, हे मीच लिहून ठेवलंय. पातं शिवणीला लावलंसुद्धा.

मग आठवलं की मागच्या वेळीही हे दादापायीच केलं होतं. पातं ठेवून दिलं.

३१ मे

आज सकाळी वही सरांकडे द्यायची आहे. सबंध.

दादा, तुझा वकील तुला हे वाचून दाखवील. २० फेब्रुवारी आलं की तो खूश होईल. होऊ दे. परवाना जाईल, मला ठाऊक आहे. बाबांनाही कळेल याची अजून भीती वाटते, ते गेलेत हे विसरून. पण तेवढंच एक पान वाचून थांबू नकोस. २६ फेब्रुवारीला मी जिन्यात रडले होते तेही वाच. उपाहारगृहात मी तुझ्या पाठीवर थाप मारली तेही वाच. तुझ्यावरचं नैसर्गिक प्रेम व जिव्हाळा या वहीत जागोजागी आहे, तो काही मसुद्यासाठी मला शोधावा लागला नव्हता. आता त्याचा पुरावा म्हणून उपयोग होईल.

प्रत्येक पानावर सही केली आहे. चाळिशी लावून, एकेक पान वाचून.